दवाखान्यात भेटायला येताय? जरा थांबा (थोडं चिडून लिहिलंय)

गोधडी | मंगळवार, रात्री ११:५२

बाबा गेले नऊ दिवस ॲडमिट आहेत, इथेच पुण्यात. वय ७८. बाथरूममधे पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून बॉल बदललाय. ऑपरेशन छान झालं म्हणाले सर्जन. मी आत्ता त्यांच्या खोलीतल्या त्या अरुंद सोफ्यावर बसून मोबाईलवरून टायपतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर ऑपरेशनने दमवलं नाही तेवढं भेटायला येणाऱ्यांनी दमवलंय. रविवारी मी मोजली, २७ माणसं. खाली लिफ्टशेजारी हा एवढा बोर्ड आहे, भेटण्याची वेळ संध्याकाळी ४ ते ६, एका वेळी एकच पास, १२ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. पण नियम दुसऱ्यांसाठी असतात ना. आमच्या आत्याच्या यजमानांनी सिक्युरिटीवाल्याला "लांबून आलोय हो" सांगितलं (लांबून म्हणजे पुण्यातल्याच सिंहगड रोडवरून) आणि दुपारी दीड वाजता अख्खी फौज वर. बाबांचा नुकता डोळा लागला होता. आत्याच्या नातवाला पलंगाचा रिमोट सापडला. म्हणजे ज्या माणसाला चार दिवसांपूर्वी नवा सांधा बसवलाय त्याचा पलंग एक सहा वर्षांचा मुलगा वर-खाली करतोय आणि आत्या कौतुकाने म्हणतेय, बघितलंस, याला सगळं कळतं.

शिवाय प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. कसे पडले, चप्पल होती का, कोण होतं घरात, मग ओरडले का. दहाव्या माणसापर्यंत माझं आख्यान अगदी बसलं होतं, कुठे थांबायचं, कुठे सुस्कारा टाकायचा, सगळं. मग समोरच्याकडे त्याची स्वतःची एक गोष्ट असतेच. आमच्या साडूंचा पण असाच खुबा मोडला, पुन्हा उठलेच नाहीत हो, वर्षाच्या आत आटोपलं. हे बाबांच्या उशाशी उभं राहून. बाबांना कमी ऐकू येतं, पण इतकंही कमी नाही.

आणि चहा! मी पेशंटसोबत राहिलेय की हळदीकुंकू ठेवलंय तेच कळेना. चौथ्या मजल्यावरून खाली कँटीनला जाऊन सात चहा आणले. "कशाला गं उगाच" म्हणत सगळ्यांनी घेतला.

त्यात बाबा रात्री बरळायला लागलेत. काल अडीच वाजता म्हणाले गाडी सुटायची वेळ झाली, माझी बॅग कुठाय, कोपऱ्यात साहेब उभे आहेत. हातातली सुई ओढून काढली, सगळी चादर रक्ताने भरली. मी घाबरून रडले. सकाळी भेटायला आलेल्या एका काकांनी दारातूनच निदान केलं, "डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय."

तर विचारायचंय की लोकांना 'येऊ नका' हे संबंध न बिघडवता कसं सांगता तुम्ही? आणि भेटायला जायचे काही नियम आपण आपल्याशी पाळावेत की नाही?

आळशी_मांजर | बुधवार, सकाळी ७:१५

अगदी अगदी. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मामेसासरे येऊन सरळ पलंगावरच बसले, ते नेमके कॅथेटरच्या नळीवर. मी किंचाळले तर शेजारी बघून म्हणतात, अजून बरंच दुखतंय वाटतं हिला.

वॉर्ड_नंबर_सात | बुधवार, सकाळी १०:०४

मी सिस्टर आहे, १९ वर्षं झाली, आधी जनरल वॉर्ड आणि आता आयसीयू, तेव्हा माझा प्रतिसाद लांबणार हे आधीच सांगते.

गोधडी, भेटायची वेळ संध्याकाळचीच का असते ते लोकांना कुणी सांगतच नाही म्हणून त्यांना ती दादागिरी वाटते. सकाळी पेशंटला पुसून घेणं, चादरी, ड्रेसिंग, डॉक्टरांचे राउंड, मग एक्सरे वगैरेला खाली नेणं. दुपारी जेवण आणि झोप, आणि ती झोप खरंच औषध आहे कारण रात्री दर थोड्या वेळाने आम्हीच उठवत असतो बीपी बघायला. शिवाय आमची ड्युटी बदलते त्या अर्ध्या तासात सगळ्या पेशंटचं सगळं पुढच्या सिस्टरला सांगायचं असतं, कोणतं इंजेक्शन द्यायचं राहिलंय, लघवी किती झाली, कोणाला कशाची ॲलर्जी. नेमकं त्याच वेळी कोणीतरी येऊन "सिस्टर एक मिनिट, आमच्या पेशंटला सफरचंद चालेल का". चालेल हो, पण पाच मिनिटांनी विचारा.

खाण्यावरून आलं म्हणून सांगते. उशाशी एनबीएम अशी पाटी असते, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. एकदा पित्ताशयाच्या ऑपरेशनचा पेशंट, सकाळी नऊला आत घ्यायचा, सात वाजता मेव्हणा आला आणि त्याने प्रेमाने चहात बुडवून दोन बिस्किटं भरवली. का तर रात्रीपासून उपाशी आहे बिचारा. भूल दिल्यावर पोटातलं उलटून श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं, म्हणून साधारण सहा तास पोट रिकामं हवं असतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, एक दिवस जास्तीचं बिल, आणि मेव्हणा आमच्यावरच ओरडतोय की पाटी मराठीत का नाही. (हे मात्र बरोबर बोलला. आम्ही नंतर मराठीत केली.)

आणि शहाळं. आपल्याकडे पेशंट म्हटलं की शहाळं, ठरलेलंच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, पण किडनीचा पेशंट असेल, डायलिसिसवर असेल, किंवा हार्टची-बीपीची काही ठराविक औषधं चालू असतील तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, थांबू पण शकतात. केळी, मोसंबीचा ज्यूस यांचंही तेच. मी डायलिसिसच्या पेशंटच्या लॉकरमधे एकाच दिवशी पाच शहाळी बघितलीयेत, पाच वेगवेगळ्या पाहुण्यांची. शहाळं वाईट नाही, फक्त विचारून द्या.

फुलं आयसीयूत अजिबात नको. फुलदाणीच्या पाण्यात जंतू होतात, मातीच्या कुंडीत बुरशी. हात मात्र धुवा. दाराशी ती निळी बाटली असते ती शोभेची नाही, हातावर घेऊन बोटांच्या मधे, अंगठ्याला, नखांपाशी, वीस-तीस सेकंद चोळायचं. आत येताना आणि जाताना पण. पेशंटच्या पायाला हात लावून नमस्कार केलात तर नमस्कार करून झाल्यावर पण.

शेवटचं म्हणजे मशीन वाजलं की बटण दाबून गप्प करू नका. एका भाच्याने "मामाला झोप लागेना" म्हणून सलाईनच्या पंपाचा आवाज बंद केला होता. आम्हाला तो आवाज हवा असतो.

शिवारातला | बुधवार, दुपारी १:३०

ताई तुमचं समदं खरं हाये पण दुसरी बाजू पण ऐका. २०१३ ला आमच्या वडलांचा ट्रॅक्टर पलटी झाला, लातूरला ॲडमिट केलं. मी तवा एकवीस वर्षांचा, एकटा, आयसीयूच्या भाईर उभा, आत काय चाललंय काही कळंना आन कागदावर सह्या घ्यायलेत. रात्री अकराला गावाकडनं जीप आली, त्यातनं अकरा माणसं उतरली. तुमच्या हिशोबानं ही गर्दीच झाली की नाही? त्यातल्या चौघांनी रक्त दिलं. एकानं डिपॉझिटला कमी पडत होते ते पैसे दिले, कागद नाही का काही नाही. चुलत चुलत्यानं काय केलं तर काहीच बोलला नाही, सकाळच्या गाडीनं माघारी गेला आन चौदा दिवस आमच्या म्हशीची धार काढली, दूध डेरीला घातलं, आईला दवाखान्यातनं घराकडं बघायची पाळी येऊ दिली नाही.

आमच्याकडं माणूस दवाखान्यात हाये म्हणल्यावर गेलंच पाहिजे. न गेलेलं वीस वर्ष लक्षात ठेवतेत. पण आमच्या माणसांना वॉर्डात घुसायचंच असतं असं नाही, खाली झाडाखाली भाकरी सोडून बसतेत, एखाद्यानं वर जाऊन तोंड दाखवून आलं की झालं. शहरातल्या लोकांचं ते फोनवर 'गेट वेल सून' आन फुलाचं चित्र, ते मला तरी जमत नाही.

गोधडी | बुधवार, दुपारी २:१०

शिवारातला, तुमच्या प्रतिसादाने घसा दाटला. मला माणसं नकोयत असं नाहीच्चे. मला धार काढणारी माणसं हवीयेत. माझ्या वाट्याला सगळी चहा पिणारी आलीयेत.

@वॉर्ड_नंबर_सात, शहाळ्याबद्दल खरंच माहीत नव्हतं. आत्ता लॉकरमधे तीन आहेत, राउंडला विचारते.

खिडकीजवळची_सीट | बुधवार, दुपारी ४:४५

'धार काढणारे' हा शब्द मी उचलला आजपासून.

वेगळा मुद्दा. २०२० च्या ऑगस्टमधे माझी आई कोविड वॉर्डात होती. कोणालाच सोडत नव्हते. अठरा दिवस. आम्ही रोज गेटपर्यंत डबा द्यायचो, आत काम करणारे एक मामा त्यांच्या ड्युटीत असले की आईसमोर फोन धरायचे, पीपीई किटमधून त्यांचा फक्त आवाज यायचा, "आजी, बघा इकडं, मुलगी हाय." आई वाचली, घरी आली, पण आजही म्हणते की मला वाटलं होतं तुम्ही मला सोडून दिलंत. तेव्हापासून मला कोणी 'भेटायला येऊ नका' म्हटलं की आत काहीतरी होतं. मी जाते. पाच मिनिटं जाते, दारातून हात करते, पण जाते.

निवासी_डॉक | बुधवार, रात्री ९:२०

सरकारी हॉस्पिटलात रेसिडेंट आहे, मेडिसिन. आज चक्क जेवायला वेळ मिळाला म्हणून लिहितो.

आधी गोधडी यांच्यासाठी. तुमच्या बाबांच्या डोक्यावर परिणाम वगैरे झालेला नसावा. वय झालेल्या माणसात खुब्याच्या ऑपरेशननंतर हे खूप दिसतं, आम्ही डिलिरियम म्हणतो. दिवसा बरे असतात, रात्र झाली की जागा ओळखत नाहीत, माणसं दिसतात, नळ्या ओढतात. झोप न होणं, दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, काही औषधं, अशी बरीच कारणं असतात, म्हणून 'म्हातारपणामुळे होतं' म्हणून सोडून न देता तुमच्या डॉक्टरांना आज रात्रीच्या राउंडलाच सांगा. बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, काहींना जास्त लागतात.

आता यात भेटायला येणाऱ्यांचा संबंध कुठे आला, तर फार जवळचा आहे. त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन हॉस्पिटलात आणलंय का? बरेच लोक हरवेल म्हणून घरी ठेवतात आणि मग माणूस धड बघू शकत नाही धड ऐकू शकत नाही, गोंधळणारच. समोर दिसेल असं घड्याळ लावा. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे कमी. आणि एका वेळी एकच, रोजच्या ओळखीचा चेहरा, सावकाश बोलणारा. "बाबा, आज बुधवार, आपण हॉस्पिटलात आहोत, तुमचं पायाचं ऑपरेशन झालंय, मी इथेच आहे." दहावेळा सांगावं लागलं तर दहावेळा. कोपऱ्यात साहेब दिसतात म्हणाले तर वाद नको आणि हो-ला-हो पण नको. २७ माणसं आली की नेमकं याच्या उलट होतं. पण कोणीच नाही आलं तरीही वाईटच होतं, हे पण लिहितो म्हणजे शिवारातला भाऊंना बरं वाटेल.

आमच्याकडच्या पासांबद्दल. लोक विचारतात की सरकारीत एवढी कडक तपासणी कशाला. मार्च २०१७ मधे धुळ्यात एका डॉक्टरला मारहाण झाली, मग मुंबईत पण प्रकार झाले, राज्यभर रेसिडेंट रजेवर गेले, त्यानंतर सुरक्षारक्षक आले आणि पेशंटमागे दोनच नातेवाईक हे पास सगळीकडे लागले. कायदा त्याच्या आधीचा आहे, २०१० चा, हॉस्पिटलात हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण खरं सांगू का, कायद्यापेक्षा त्या दोन पासांनी जास्त फरक पडतो. पेशंट दगावला ही बातमी दोन माणसांना खुर्चीवर बसवून सांगता येते, वीस माणसांना नाही सांगता येत, मागच्याला फक्त पुढच्याचं ओरडणं ऐकू येतं.

आणि एक उलट पण कबूल करतो. आमच्याकडे माणसं कमी म्हणून आम्ही नातेवाईकांनाच कामाला लावतो. ट्रॉली ढकला, सॅम्पल पोचवा, एक्सरे घेऊन या. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एक तरुण आपल्या नातेवाईक पेशंटसोबत ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला आणि चुंबकाने सिलिंडरसकट खेचला गेला, गेला बिचारा. एमआरआयचं चुंबक कायम चालू असतं, तपासणी चालू नसली तरी. तेव्हा कोणी कितीही घाईत सांगितलं तरी त्या दाराच्या आत काहीही न्यायचं नाही, आतल्या टेक्निशियनला विचारल्याशिवाय स्वतः पण जायचं नाही.

कुडाळ_पणजी_एसटी | गुरुवार, सकाळी ६:४०

आमच्याकडची अडचण ऐका. सिंधुदुर्गातला पेशंट जरा सिरियस झाला की गोव्यात बांबोळीला, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. सावंतवाडी-कुडाळकडच्या घरातलं कोणी ना कोणी कधीतरी बांबोळीला राहून आलेलंच असतं. आता माझा काका तिथे होता तेव्हा काकी सकाळच्या एसटीने निघायची, पणजीला उतरून दुसरी बस, पोचेपर्यंत अकरा. भेटायची वेळ संध्याकाळी. मग ती पाच तास आवारात बसायची आणि वेळ झाल्यावर वर जायची तर परतीची गाडी चुकायची भीती. म्हणजे वेळेचा नियम जवळच्यांना सोयीचा आणि लांबच्यांना शिक्षा. गोधडी, तुमच्या आत्याचे यजमान 'लांबून आलोय' खोटं बोलतात ना, त्याचा त्रास आमच्यासारख्या खऱ्या लांबच्यांना होतो, सिक्युरिटीवाला कोणावरच विश्वास ठेवत नाही मग.

आम्ही शेवटी काय केलं, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना शांतपणे जाऊन सांगितलं की काकी अशी अशी येते, परतीची गाडी या वेळची. त्यांनी वीस मिनिटं दिली रोज, जेवणाच्या वेळेला, काकी भरवायची पण. गेटवर भांडण्यापेक्षा वॉर्डात विचारलेलं बरं.

लीड्सकर | गुरुवार, दुपारी १२:५५

इथे यूकेत गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या आणि न्यूमोनियाने ॲडमिट झाल्या, म्हणून इथलं थोडं. पलंगापाशी दोनच माणसं, पलंगावर बसायचं नाही. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर बंद होऊन ४८ तास उलटल्याशिवाय यायचंच नाही, आणि त्या जंतूंना हातावरचं जेल पुरत नाही, साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. जेवणाच्या वेळेला पाहुणे बाहेर, पण भरवणारं माणूस असेल तर आत.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. इथे २०१४ साली दोघी लेखिकांनी मोहीम सुरू केली, त्यातल्या एकीचे डिमेन्शिया म्हणजे विसरभोळेपणाचा आजार असलेले वडील हॉस्पिटलात होते आणि घरच्यांना भेटता येईना, त्यात ते खूप खालावले. त्यांचं मागणं एवढंच की डिमेन्शियाच्या पेशंटजवळ घरच्या माणसाला वेळेचं बंधन नको, तो पाहुणा नाही. बऱ्याच हॉस्पिटलांनी ते मान्य केलंय. एप्रिल २०२४ पासून तर इंग्लंडमधे नियमच झालाय की पेशंटला हवं असेल तर भेटू द्यायचं, अडवायचं असेल तर हॉस्पिटलाकडे तसंच काही कारण पाहिजे. म्हणजे 'पाहुणा' आणि 'सोबत करणारा' हे दोन वेगळे धरलेत. आपल्याकडे सोबतीचा पास असतोच, खरं तर आपण यात पुढे आहोत, फक्त त्या सोबतीच्या पासावर सगळी वरात जाते.

(सासूबाईंना भेटायला इथल्या मंडळातले आठजण डबे घेऊन आलेच. नर्स म्हणाली तुमची फॅमिली मोठी आहे. म्हटलं हो, यातल्या सहांना मी पहिल्यांदाच बघतोय.)

पारिजात | गुरुवार, रात्री १०:३०

मी वाचनमात्र असते, पण लिहावंसं वाटलं. नवऱ्याची किमो चालू होती तेव्हाची गोष्ट. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात. त्या वेळी माणूस दिसायला बरा दिसतो, उलट्या थांबलेल्या असतात, गप्पा मारतो, म्हणून लोक नेमके तेव्हाच भेटायला येतात, "आता बरे दिसतायत, जाऊन येऊ." आणि तेव्हाच साधी सर्दी पण महागात पडते. आम्हाला एक शिंक पडली ती सहा दिवसांच्या ॲडमिशनला. शिंकणाऱ्याने शिंक दाबून सांगितलं होतं की ॲलर्जी आहे.

तेव्हा सर्दी, खोकला, ताप, कांजिण्या घरात कोणाला असतील, तर प्रेम फोनवर दाखवा. यात कोणाला वाईट वाटायचा प्रश्नच नाही.

आमची ट्रीटमेंट टाटाला, परळला. आम्ही सोलापूरचे. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो बरेच दिवस, तिथे सगळेच आमच्यासारखे. तिथे कोणी कोणाला 'कसं झालं' विचारत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या जळगावच्या वहिनी फक्त एवढंच विचारायच्या, "आज जेवले का दादा?" मला वाटतं मला आयुष्यात कोणी इतकं नेमकं विचारलं नाही.

भिंगरी२१ | शुक्रवार, सकाळी ९:१२

थोडं अवांतर होईल पण माझी डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे. बाळ बघायला येणाऱ्यांचं काय करायचं? सासरी म्हणतात बारशापर्यंत थांबा म्हटलं तर लोक काय म्हणतील.

वॉर्ड_नंबर_सात | शुक्रवार, सकाळी ११:४०

भिंगरी, अवांतर अजिबात नाही. पूर्वी सुईर पाळायचे, दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला कोणी शिवायचं नाही, त्यातल्या शिवाशिवीचं मी समर्थन करत नाही पण बारशालाच सगळ्यांनी बाळ बघायचं हा भाग वाईट नव्हता. सासूबाईंना हेच सांग, त्यांच्याच भाषेत. येणाऱ्यांनी बाळाच्या तोंडाची पापी घ्यायची नाही, ओठावर फोड आली असेल तर बाळाजवळ जायचंच नाही, त्या जंतूंनी तान्ह्या बाळाला फार मोठं दुखणं होऊ शकतं. हात धुऊनच उचलायचं. हळिवाचे लाडू ठेवून जायला काही हरकत नाही.

आळशी_मांजर | शुक्रवार, सकाळी ११:५५

आणि बाळंतिणीला "दूध येतंय का पुरेसं" हे विचारणाऱ्याला लाडूच्या डब्यासकट परत पाठवायचं.

निवासी_डॉक | शुक्रवार, दुपारी ३:०५

घाईत. शिवारातला यांच्या चार रक्तदात्यांवरून आठवलं. भेटायला आलात आणि खूप काही करावंसं वाटत असेल तर रक्तपेढीत जा. १८ ते ६५ वय, ४५ किलोच्या वर वजन, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांना आधीच्या वेळेपासून तीन महिने आणि बायकांना चार महिने झालेले असले की चालतं. तुमच्या पेशंटला नको असेल तर शेजारच्याला लागतंच.

गोधडी | शुक्रवार, रात्री ११:२०

अपडेट. डॉक, तुमचं वाचून दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं, रक्त तपासलं तर सोडियम बरंच कमी निघालं, ते सुधारतायत. कानाचं मशीन घरून आणलं (खरंच घरी होतं, हरवेल म्हणून मीच ठेवलं होतं). भिंतीवर घड्याळ लावलं. काल रात्री साहेब आले नाहीत. आज वॉकर घेऊन दारापर्यंत गेले, फिजिओ म्हणाली मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, बाकी मस्त.

शहाळ्याला डॉक्टर हो म्हणाले, किडनी चांगली आहे. तिन्ही प्यायले तीन दिवसांत.

आणि शेवटी धीर करून घरच्या ग्रुपवर हे टाकलं, कोणाला हवं असेल तर उचला: "बाबांची तब्येत सुधारते आहे. डॉक्टरांनी एका वेळी एकच माणूस आणि दहा मिनिटं असं सांगितलंय. यायचं असेल तर आदल्या दिवशी मला मेसेज करा, मी ४ ते ६ मधली वेळ देते. रोज सकाळचा डबा, दुपारी १२ ते ३ बाबांजवळ बसणं आणि रात्री झोपायला येणं, या तीन गोष्टींना माणसं हवी आहेत, ज्याला जमेल त्याने वार सांगा." सगळं डॉक्टरांच्या नावावर खपवलं, माफ करा डॉक.

दोन जण रुसले. आत्याचे यजमान पहिले रुसले. पण गंमत म्हणजे आत्याचाच फोन आला संध्याकाळी, म्हणाली मला ते चार ते सहा काही जमायचं नाही, पण सोमवार-गुरुवार डबा माझा. मऊ भात आणि मुगाचं वरण, मीठ बेताचं, बाबा आज दोनदा मागून जेवले.

रात्रीच्या पाळीचं अजून जमत नाहीये. मी आणि नवरा आलटून पालटून करतोय, दोघांना ऑफिस आहे.

खिडकीजवळची_सीट | शनिवार, सकाळी ८:०२

गोधडी, मी औंधला राहते. आपली ओळख इथलीच, त्यामुळे नाही म्हणालीस तर अजिबात वाईट वाटणार नाही. पण आईच्या वेळी मला रात्री बसता आलं नव्हतं कुठेच. आज रात्री मोकळी आहे, धार काढायला येऊ का? हॉस्पिटलचं नाव इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) कर.

गोधडी | शनिवार, सकाळी ८:४०

व्यनि केलाय, बघ. आज नको, आज नवऱ्याची पाळी आहे. उद्या चालेल का? सोफा अरुंद आहे, पांघरूण मी ठेवते. बाबांना तुझ्याबद्दल सांगून ठेवते म्हणजे नवा चेहरा बघून गोंधळणार नाहीत. आणि कानाचं मशीन रात्री काढून डबीत ठेवायचं, डबी खिडकीत आहे, निळ्या झाकणाची.